छतावरचं टेंगूळ

1967 सालची ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या लाल फोर्डचा फोटो बारकाईने पाहिला, तर चालकाच्या डोक्यावर छताला एक टेंगूळ आलेलं दिसतं. गाडी जीटी40 घराण्यातली, चौथ्या अवताराची. घराण्याचं नावच मुळी चाळीस इंच उंचीवरून पडलेलं. आणि तीत बसायचं होतं डॅन गर्नीने, सहा फूट चार इंचांच्या माणसाने. हेल्मेटसकट डोकं आत मावेना, तेव्हा फोर्डच्या मंडळींनी दाराचा वरचा भाग फुगवला. गर्नी आणि ए. जे. फॉइट या जोडीने त्या गाडीतून पाच हजार दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर कापलं, आणि नंतर गर्नीने शँपेनची बाटली हलवून सगळ्यांना न्हाऊ घातलं. ती प्रथा अजून चालू आहे. टेंगूळही चालूच आहे. जीटी40च्या प्रतिकृती विकणारे आज ‘गर्नी बबल’ हवा का, असं गिऱ्हाइकाला विचारतात, आणि साडेपाच फुटांची माणसंसुद्धा हौसेने हो म्हणतात.

प्रतिकृतींच्या जगात सोवळं पाळणारे पुष्कळ. मूळ गाडीत नव्हतं ते नको, असा त्यांचा हेका. त्यांना हा फोटो दाखवावा. मूळ गाडीच माणसासाठी वाकवली होती. मग नकलेने ताठ राहण्यात काय हशील?

अंगाचा आणि गाडीचा हा झगडा सर्वांत जास्त रंगतो तो लोटस सेव्हनच्या नकलांमध्ये. कॉलिन चॅपमनने 1957 साली ही गाडी काढली. पोलादी पाइपांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, वजन जेमतेम अर्धा टन. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर जबर कर होता, म्हणून ती सुट्ट्या भागांतही विकली जाई. घरी गाडी जुळवण्याची चटक तिने पुष्कळांना लावली. 1973 साली केटरहॅम कंपनीने तिचे हक्क घेतले आणि ती आजतागायत बनते आहे. नकला तर देशोदेशी झाल्या. आपल्या अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने याच घाटाची ‘रोडस्टर’ बनवली. तिचं अंग फायबरचं आणि इंजिन इसुझूचं 1.8 लिटरचं, कॉन्टेसा गाडीमुळे आपल्या मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेलं.

अशी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी आपली उंची सांगतो. ती फारशी कामाची नसते. सारख्याच उंचीच्या दोघांपैकी एकाचं धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब. लांब धडवाल्याची नजर थेट काचेच्या वरच्या पट्टीवर आपटते आणि डोकं रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पाइपाच्या, वर जातं. लांब पायवाल्याचे गुडघे स्टिअरिंगला भिडतात. तेव्हा भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून जमिनीवर बसावं आणि टेप घेऊन दुसऱ्या कुणाला तरी मापं घ्यायला लावावीत: बुडापासून टाळूपर्यंत, पाठीपासून टाचेपर्यंत आणि कमरेचा सर्वांत रुंद भाग. शिवाय बुटाची लांबी-रुंदी. बूट कुणाच्या ध्यानात येत नाही. सेव्हनमध्ये गिअरबॉक्सचा बोगदा पायाकडची जागा खातो. तिन्ही पेडल इतकी चिकटून असतात, की जाड तळव्याचा दहा नंबरी बूट ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटरही दाबतो. त्यावर उपाय म्हणजे पातळ तळव्याचे, अरुंद शर्यतीचे बूट. एवढ्या स्वस्तात सुटणारी अडचण या प्रकरणात दुसरी नाही.

बाकी सगळीकडे एक ओढलं की दुसरं उसवतं. सीटखालचे रेल काढून सीट थेट तळावर बोल्टने बसवली, तर इंचभर तरी खाली जाता येतं. पण मग सीट पुढे-मागे सरकत नाही आणि बायको किंवा भाऊ ती गाडी चालवू शकत नाही. तळाचा पत्रा खाली उतरवून घेता येतो, कारखान्यातूनही तशी सोय मिळते. पण गाडी मुळातच जमिनीला लागलेली. इंग्लंडच्या रस्त्यांवर ते खपतं, आपल्याकडे पहिल्याच स्पीडब्रेकरला चालकाच्या बुडाखाली खर्रकन आवाज येतो. स्टिअरिंगचं चाक लहान घेतलं, तर मांड्या सुटतात. पण मीटरचे काटे त्याच्याआड जातात आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना दंड भरून येतात. चटकन निघणारं चाक मात्र घ्यावंच; ते काढून हातात धरल्याशिवाय आडव्या माणसाला आत शिरता येत नाही.

लांब धडाला सर्वांत चांगला इलाज म्हणजे सीटच काढून टाकणं आणि अंगाच्या साच्याची सीट ओतून घेणं. सीटच्या जागेत प्लॅस्टिक पसरायचं, त्यावर जाड पिशवी ठेवायची, पॉलियुरेथेनचे दोन द्रव बादलीत भराभर घोटून पिशवीत ओतायचे आणि लगेच वर बसायचं. फेस फुगायला लागतो, पाठीखाली ऊब चढत जाते, आणि त्याच वेळी तो तुम्हाला वर उचलू लागतो. अननुभवी माणूस इथेच फसतो: तीन इंच वाचवायला बसलेला दीड इंच उंचावरच थिजतो. म्हणून दोघा मित्रांनी खांदे दाबून धरायचे. हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर, मान सरळ, आणि फेस टणक होईपर्यंत हलायचं नाही. मग कडा पावाच्या सुरीने तासून काढायच्या आणि वर आग सहसा न धरणारं कापड चढवायचं, कारण हा फेस पेटला की भडकतो. दारं-खिडक्या उघडी हवीत, हातमोजे हवेत.

मापं जुळली की माणूस खूश होतो आणि पट्टे विसरतो. खांद्यावरून जाणारे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. उंच धडाच्या माणसाचा खांदा पट्ट्यांच्या हुकापेक्षा फार वर आला, तर धडकेत तेच पट्टे पाठीचा कणा खाली दाबतात. रोल बारचंही तसंच. हेल्मेटचा माथा त्याच्यापेक्षा चांगला दोन इंच खाली हवा, नाहीतर तो बार शोभेचा.

उंच माणसाला निदान कुठेतरी सरकता येतं. रुंद माणसाला सांगाड्याशीच भांडावं लागतं. कमरेच्या दोन्ही बाजूंना पोलाद. एका बाजूला बोगदा, दुसऱ्या बाजूला बाहेरचा पाइप. केटरहॅमने हे 2000 साली मान्य केलं आणि सुमारे 11 सेंटिमीटर रुंद असा ‘एसव्ही’ सांगाडा काढला. हौशी लोक त्याच्याही आधी मार्गाला लागले होते. रॉन चँपियन या इंग्रज शिक्षकाचं अडीचशे पौंडांत घरी स्पोर्ट्स कार बांधायचं पुस्तक 1996 साली आलं. इंचभर चौकोनी पाइप, घरचं वेल्डिंग आणि भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव. पुस्तकातल्या मापांत अमेरिकेतल्या दणकट मंडळींचं भागेना, तेव्हा त्यांनी चार इंच रुंद, चार इंच लांब आणि दोन इंच उंच असा आराखडा करून घेतला. त्याला ते ‘442’ म्हणतात. पण सांगाडा वाढला की बाजारात तयार मिळणारं बॉनेट, नाकाडं, काच यांतलं काहीच जसंच्या तसं बसत नाही. रुंदीचे पैसे पुढे हप्त्याहप्त्याने भरावे लागतात. तरी माझं मत त्याच बाजूचं. वाढीव सांगाडा महाग पडतो, पण चेंगरून बसलेल्या माणसाला तातडीच्या वेळी कोपर वळवता येत नाही, आणि ते फार महागात जातं.

पोर्शे स्पीडस्टरच्या नकलांची गंमत वेगळी. त्या बऱ्याचदा फोक्सवॅगन बीटलच्या तळावर उभ्या राहतात. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2400 मिलिमीटर, मूळ पोर्शेचं 2100. म्हणजे चांगला फूटभर तळ कापून पुन्हा जोडायचा. उंच माणसाने तिथे फार आशा ठेवू नये. शिवाय समोरची काच बुटकी.

भारतात हे सगळं आधी ठरवावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल करू देत नाही. गाडी नोंदवून घरी आणली आणि मग तळ कापला, असं इथे चालायचं नाही. बनवणाऱ्याच्या कारखान्यातच हेल्मेट घालून, पट्टे आवळून अर्धा तास बसावं. पाच मिनिटांत कुठलीही गाडी मापाची वाटते. मग कुणालाही हात न मागता बाहेर पडून पाहावं. सीटवर उभं राहायचं, रोल बार धरायचा, काचेची चौकट नाही, आणि बाहेरच्या बाजूने जाणारा एक्झॉस्ट असेल तर पाय त्याच्यापलीकडे टाकायचा. तापलेल्या पाइपाला पोटरी टेकलेले केटरहॅमवाले डागावरून ओळखू येतात.