चेहरे लक्षात राहतात, पण कोणाचे?



आयपीएल सुरू झाली की वर्गात मुंबईवाले आणि चेन्नईवाले असे दोन गट पडतात. मुंबईवाल्या पोराला दोन्ही संघांतल्या नवख्या खेळाडूंचे फोटो दाखवा. आपल्या संघातला तो पटकन ओळखेल, समोरचा मात्र 'चेन्नईचा कुणीतरी'. तुम्ही म्हणाल, तो आपल्याच संघाचे सामने जास्त बघतो. खरंय, पण कारण तेवढंच नाही.

२००७ साली अमेरिकेत ओहायोमधल्या मायामी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काहींवर त्यांच्याच विद्यापीठाचं नाव होतं, काहींवर फुटबॉलमधल्या प्रतिस्पर्धी मार्शल विद्यापीठाचं. सगळे चेहरे सारखेच परके, तरी 'आपले' म्हणून दाखवलेले जास्त लक्षात राहिले.

असं का होतं? 'परका' असा शिक्का बसला की मन तिथंच थांबतं, नाक-डोळे बारकाईने बघत नाही. 'आपला' म्हटलं की माणूस म्हणून बघतं.

आता आपल्या बारामती-इंदापूर भागाकडे या. मोरगावच्या बाजूला जिरायत, पण सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगरला साखर कारखाने आहेत. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि कोप्यांवरची काही मुलं जवळच्या शाळेत बसतात. 'कोपीवरची पोरं' म्हटलं की झालं! सगळी सारखीच दिसायला लागतात. नावांची अदलाबदल होते. ज्याचा चेहराच लक्षात नाही, ते पोरगं चार दिवस आलं नाही तरी कुणाला कळत नाही. शाळा सुटण्याची सुरुवात इथूनच होते.

उपाय अवघड नाही. २०१२ च्या एका अभ्यासात गोऱ्या-काळ्या चेहऱ्यांचे मिश्र संघ केले, तेव्हा रंग कुठलाही असो, आपल्या संघातले चेहरे जास्त लक्षात राहिले. ज्यांना समोरच्या संघात हेर व्हायला सांगितलं, त्यांनी परकेही नीट लक्षात ठेवले. मग कबड्डीचे संघ मिसळून पाडा. प्रत्येक मुलाला हेरगिरी द्या: नव्या मित्राला काय आवडतं ते शोधून आण. हेच काम आपणही करू.

पालकहो, आज घरी एवढंच विचारा, "तुझ्या वर्गात नवीन कोण आलंय? नाव काय त्याचं?"