पडवीतला जुना बोर्ड आता उतरवा

आज दिवेलागणीच्या आधी पडवीतल्या मीटरखालच्या बोर्डाकडे एकदा नीट पाहा. हात लावू नका, नुसते पाहा. लाकडी फळी, तिच्यावर चिनीमातीचे दोन-तीन फ्यूज, शेजारी लोखंडी पेटीतला मेन स्विच. एखाद्या फ्यूजभोवती फळी काळवंडलेली असेल, पेटीत पालीने बिऱ्हाड थाटले असेल. गावात वीज आली तेव्हा तो बोर्ड दोन-चार दिवे आणि एक रेडिओ यांच्यासाठी बसवला होता. आज त्याच तारांवर फ्रिज, मिक्सर आणि घरगुती चक्की चालते.

हिशेब सोपा आहे. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढतो. त्याच वेळी १००० वॅटची इस्त्री लावली की आणखी सव्वाचार. पाच अँपिअरचा फ्यूज उडणारच, आणि तो उडतो म्हणूनच घर वाचते. पण आपण काय करतो? फ्यूजची तार घरात नसते. मग जुन्या वायरीतले तांब्याचे चार-पाच धागे पिळून लावतो आणि 'आता उडत नाही' म्हणून निर्धास्त होतो. फ्यूज उडत नाही हे खरे. त्याच्याऐवजी भिंतीतली तार तापते. तिच्यावरचे जुने आवरण तडकून गेलेले असते, आणि शेजारी वासे असतात, कडब्याची गंज असते.

आणखी एक खोड जुन्या बोर्डात हमखास सापडते. फेजला फ्यूज आणि न्यूट्रललाही फ्यूज. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवे विझतात, पण फेजची तार जिवंतच राहते. दिवा नाही म्हणजे वीज नाही असे समजून माणूस होल्डरला हात घालतो. म्हणून नव्या बोर्डात एकट्या न्यूट्रलवर फ्यूज कधीही नसावा.

फ्यूज माणसाला वाचवतो हा समज तर पार चुकीचा. ४० वॅटचा साधा दिवा सुमारे १७४ मिलिअँपिअर वीज घेतो. छातीतून याहून कमी वीज गेली तरी काळीज बंद पडू शकते. पाच अँपिअर म्हणजे ५००० मिलिअँपिअर! माणूस तारेला चिकटलेला असला तरी फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे काम आर.सी.सी.बी. नावाच्या स्विचचे. घरात गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज तो सारखी ताडून पाहतो. कुठे माणसातून, गुरातून किंवा ओल्या भिंतीतून गळती झाली की वीज तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. मात्र जास्त भार किंवा शॉर्टसर्किट त्याला कळत नाही, त्यासाठी एम.सी.बी. हवेतच. दिव्यांना ६ अँपिअरचा, मोठ्या प्लगला १६ अँपिअरचा, आणि तारही तशीच: दिव्यांना दीड, मोठ्या प्लगला अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची. बारीक तारेवर मोठा एम.सी.बी. बसवला तर तांब्याचे धागे पिळण्यासारखेच झाले. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर मात्र आर.सी.सी.बी. काही करू शकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अर्थिंगचा खड्डा पाहा. तारेचा जोड गंजून तुटला असेल तर आधी तो करून घ्या, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा. न्यूट्रल गेली की अर्थिंगवर दिवे लावण्याची जी युक्ती गावोगाव चालते, ती आजच बंद करा. अर्थिंग कच्चे असेल तर फ्रिजचे दार, मोटारीची बॉडी, सगळ्यांत वीज उतरते. गोठ्यातल्या म्हशीला ती माणसाआधी कळते, पण तिला सांगता येत नाही.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. शेजारचा हुशार पोरगा कितीही कामाचा असला तरी नको. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंतच असतात. मीटरचे सील स्वतः तोडू नका; तिकडचा पुरवठा बंद करण्यासाठी महावितरणच्या कचेरीत अर्ज द्या. पैसा अपुरा असेल तर सगळे घर एकदम नको. आधी अर्थिंग, आर.सी.सी.बी. आणि एम.सी.बी. यांचा बोर्ड; सुगीनंतर खोल्यांतल्या तारा. लग्नाला घर रंगवायला आपण मागेपुढे पाहत नाही, मग इथेच का हात आखडतो?

नवा स्विच बसला की पहिल्या पावसात तो वारंवार पडेल. वायरमनला 'तो काढून टाक' असे सांगू नका. सगळी उपकरणे प्लगमधून काढा, एम.सी.बी. बंद करा आणि एकेक चालू करत जा; ज्याला स्विच पडेल तिकडे गळती. बहुतेक वेळा रॉड किंवा गोठ्यातला उघडा जोड सापडतो. न्यूट्रल कुठे अर्थिंगला किंवा शेजाऱ्याच्या न्यूट्रलला जोडली असेल तरी असेच होते. ते वायरमनकडूनच सोडवून घ्या. आणि स्विचवरचे 'टी' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबा. स्विच खाली पडला तर ठीक. नाही पडला तर दुसऱ्या दिवशीच बदला.