आजीची मेमरी फुल्ल, मार्क मात्र कमी!

या वीकेंडला गावी गेलात की एक गंमत करून बघा. आजोबांना विचारा, आज तारीख काय? ते पेपरकडे तिरकी नजर टाकतील आणि खणखणीत उत्तर देतील. मग आजीला विचारा. ती म्हणेल, 'तारीख कुणाला ठाऊक! परवा एकादशी आहे एवढं माहितीये.' झालं! लगेच कुणीतरी म्हणणार, 'आजीला आता काही आठवत नाही हं.'

एक मिनिट, बॉस! तिथी बरोबर सांगणाऱ्या बाईला नापास कसं करायचं?

मंचरजवळच्या अवसरी बुद्रुकला माझ्या मैत्रिणीच्या आजी राहतात. पंचाहत्तरी कधीच ओलांडलीय, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मेमरी टेस्टमधला नेहमीचा प्रश्न मी त्यांच्यावर टाकला. शंभरातून सात वजा करा. आजी म्हणाल्या, 'कशापायी? कुणाला द्यायचेत सात?' मग मी प्रश्न फिरवला. शंभराची नोट दिली, सात रुपयांची कोथिंबीर घेतली, तर? 'त्र्याण्णव माघारी दे की पोरी!' उत्तराला दोन सेकंदही लागले नाहीत. वर, सात रुपयांत कोथिंबीर कुठं मिळते, हे मलाच ऐकवलं.

शंभर वजा सातचा हा प्रश्न १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या टेस्टमधला. पुढे ९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांना हीच अडचण आली, म्हणून त्यांनी टेस्टची हिंदी आवृत्तीच वेगळी बनवली. मूळ टेस्टमध्ये कागदावरचं 'डोळे मिटा' वाचून डोळे मिटायचे असतात. इथे समोरचा जे करील ते करून दाखवायचं. अक्षरओळख नसली तरी बिघडत नाही. सिंपल!

आता थोडे आकडे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर भारतीयांची पाहणी केली. त्यालाच जोडून झालेल्या डिमेन्शियाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, डिमेन्शिया असावा असा अंदाज आहे. पुरुषांत हे प्रमाण ५.८ टक्के, बायकांत ९. शहरात ५.३, खेड्यात ८.४. म्हणजे खेड्यातली आजी दोन्हीकडून मार खाते.

मग बायकांचा मेंदूच कमजोर? अजिबात नाही! युरोपातल्या १३ देशांच्या २०१४च्या अभ्यासात उलटं चित्र दिसलं. ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्यात बायका पुढे, आणि जिथे शिक्षण आणि राहणीमान सुधारलं तिथे त्यांची आघाडी आणखी वाढलेली. आपल्याकडे कर्नाटक, केरळ, पंजाब आणि राजस्थानात २०१०मध्ये झालेल्या प्राथमिक पाहणीतही हाच धागा सापडतो. शिक्षण वगैरे गोष्टींचा हिशेब धरला की दक्षिणेत बायकांची पिछाडी गायब होते. उत्तरेत मात्र तरीही उरते. मुलीच्या ताटात काय पडतं आणि तिला दवाखान्यात कधी नेतात, हे प्रश्न तिथे माझ्या डोक्यात येतात.

आता आजीच्या जन्माचा काळ आठवा. १९५१च्या जनगणनेत देशात शंभरातल्या २७ पुरुषांना लिहिता-वाचता येत होतं, बायका फक्त ९. पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली १८४८मध्ये. शंभर वर्षं उलटली तरी ती वाट गावोगावच्या पोरींपर्यंत पोचली नव्हती. भाऊ शाळेत, बहीण शेळ्यांमागे. त्याची वसुली सत्तरीत होते!

खरी भीती पुढेच आहे. आजोबांनी बँकेत चुकीची सही केली की दुसऱ्या दिवशी डॉक्टरची अपॉइंटमेंट! आजी मात्र नेहमीच्या गल्लीत वाट चुकली, चहात दोनदा साखर टाकली, तर 'वय झालं' म्हणून स्वयंपाकघर सूनबाईंकडे जातं. काम गेलं की चुकाही दिसेनाशा होतात. महिने जातात, वर्षं जातात. आणि कधीकधी कारण साधं असतं. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, डिप्रेशन. या तिन्हींवर औषध आहे, वेळेत गाठलं तर.

कानांचं काय? आजी 'ऐकू येत नाही' असं कधी म्हणतच नाही, नुसती हसून मान डोलावते. २०२४च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे. त्याच्या कारणांच्या यादीत कमी शिक्षण आहेच, शिवाय बहिरेपण, अधू नजर, बीपी आणि शुगरही आहे. शाळा आता परत देता येत नाही. कानाचं मशीन, मोतीबिंदूचं ऑपरेशन, बीपीची गोळी हे तर जमेल ना? आपल्या एका नव्या मोबाइलच्या खर्चात यातलं बरंचसं बसतं.

डॉक्टरकडे नेताना दोन गोष्टी आवर्जून सांगा. आजी किती शिकलीय, आणि सहा महिन्यांपूर्वी कुठलं काम एकटीने करत होती जे आता जमत नाही. कुठे जायचं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, कॉल फ्री. आणि आजोबांचं चेकअप ठरलंच असेल, तर त्याच दिवशी, त्याच गाडीत आजीलाही बसवा.