टास्मानिया बेटावरील चार दिवस

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया हें थंड हवेचें बेट आहे. होबार्ट येथें विमानांतून उतरतांच एका कुत्र्यानें आमची पिशवी हुंगली व आंतील दोन संत्रीं अंमलदारानें काढून घेतलीं. फळमाशीचा शिरकाव होऊं नये म्हणून ही झडती. प्रथम राग आला. पुढें ह्युऑन नदीच्या खोऱ्यांतील बागा पाहून तो निवळला.

येथील सफरचंदें पूर्वीं जहाजांनीं इंग्लंडास जात. १९७३ सालीं इंग्लंड युरोपच्या समाईक बाजारांत शिरलें व हें गिऱ्हाईक तुटलें. तेव्हां झाडें उपटून टाकणाऱ्या बागाइतदारांस सरकारनेंच पैसे दिले! रस्त्याकडेला फळांच्या पिशव्या मांडलेल्या, विकणारा कोणी नाहीं. पेटींत पैसे टाकून आम्हीं एक घेतली.

जुनें दप्तर पाहण्याची खोड आम्हांस नोकरीपासूनची. मेंढ्या मारतो म्हणून येथील पट्टेरी वाघावर (हा वाघ नांवाचाच, पिलें पोटाच्या पिशवींत वाढविणारा प्राणी) सरकारनें १८८८ पासून १९०९ पर्यंत मोठ्यास एक पौंड व पिलास अर्धा, असें बक्षीस लाविलें. २,१८४ बक्षिसें खर्ची पडलीं. नुकसान मोकाट कुत्रीं व मेंढीचोर यांनींच अधिक केलें होतें, असें आतां दिसतें. १९३६ च्या जुलईंत या प्राण्यास कायद्याचें संरक्षण मिळालें. सप्टेंबरांत नोंद असलेला शेवटचा वाघ होबार्टच्या प्राणिसंग्रहांत मेला.