बंद पडलेल्या क्यूबन सिगारसाठी संग्राहक एवढा जीव का टाकतात?

दुधनीहून अक्कलकोटमार्गे सोलापूरला निघालं की वाटेत कुंभारी लागतं. विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली 10 हजार घरांची वसाहत इथलीच. विडी वळण्याची मजुरी हजाराच्या हिशोबाने मिळते. आणि विडी ताजी असतानाच खपली पाहिजे, 30 वर्षं जुन्या विडीला कोण विचारतं?

हवानाचा सिगारही हातानेच वळतात, पण त्याचं गणित उलटं आहे. सिगार पूर्णपणे तंबाखूच्या पानांचा असतो आणि वळल्यानंतरही ती पानं हळूहळू मुरत राहतात. अमोनियाचा उग्र वास जातो, तुरटपणा कमी होतो. लोणचं मुरावं तसंच म्हणा ना! त्यासाठी आर्द्रता 65 ते 70 टक्के लागते. हवा कोरडी असेल तर पानातलं तेल उडतं, दमट असेल तर बुरशी येते. उकाडा वाढला की तंबाखूतला भुंगा अंड्यातून बाहेर पडतो आणि सिगारला आरपार भोकं पाडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात असा डबा नुसता कपाटात ठेवला, तर काय होईल ते सांगायला नको.

पण जुना असणं वेगळं आणि बंद पडलेला असणं वेगळं. खरी ओढ दुसऱ्याचीच.

डेव्हिडॉफचं उदाहरण घ्या. झिनो डेव्हिडॉफ यांच्या नावाचे सिगार 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून क्यूबात बनत होते. पुढे दर्जावरून क्यूबाच्या सरकारी कंपनीशी वाजलं. 1989 मध्ये डेव्हिडॉफनी निकृष्ट ठरवलेले एक लाखाहून जास्त सिगार जाहीरपणे जाळून टाकले! मग उत्पादन डोमिनिकन रिपब्लिकमध्ये गेलं. नाव तेच राहिलं, माती बदलली. डनहिलचे क्यूबन सिगारही त्याच सुमारास बंद झाले. शिवाय कोरोजो हे क्यूबाचं जुनं, नामांकित वाण 1990 च्या दशकात रोगांमुळे मागे पडलं. म्हणजे तोच सिगार पुन्हा वळायचा म्हटलं तरी पान तेच कुठून आणणार?

त्यात गंमत अशी, की कुणी एक ओढला की जगातला साठा एकाने घटतो. नोटा किंवा तिकिटं जमवणाऱ्यांना ही अडचण नसते.

टंचाईचा अंदाज आधी आलेला माणूस म्हणजे जॉन केनेडी. 1962 मध्ये क्यूबावरच्या व्यापारबंदीवर सही करण्याआधी त्यांनी सचिव पिअर सॅलिंजर यांना हजारभर उपमन सिगार आणायला पिटाळलं. सॅलिंजरनी 1,200 आणले. मगच सही झाली, असं स्वतः सॅलिंजर सांगत.

एवढी मागणी म्हटल्यावर बनावट माल आलाच. म्हणून जाणकार आधी डबा उलटा करतात. 1960 पर्यंतच्या डब्याच्या तळावर इंग्रजी शिक्का असे, नंतर ‘हेचो एन कूबा’ हा स्पॅनिश शिक्का आला. ‘संपूर्ण हाताने’ या अर्थाचे ‘तोतालमेंते आ मानो’ हे शब्द 1989 पासूनचे. म्हणजे 1975 चा म्हणून विकायला आणलेल्या डब्यावर ते दिसले, की सौदा तिथेच संपतो. अर्थात डबा अस्सल निघाला म्हणून धूर निर्धोक होत नाही, कितीही मुरला तरी कर्करोगाचा धोका विडीसारखाच कायम असतो. काही संग्राहक तर तो पेटवतच नाहीत. वर्षातून दोनदा झाकण उघडतात, वास घेतात आणि पुन्हा लावून टाकतात.