बोरन्हाणाची लूट
(लेखमाला : मुलांचा खाऊ, लेखांक ६)

मागील लेखांकात शाळेच्या डब्याचा, म्हणजे मुलाने बहुधा आपला आपण खाण्याच्या खाऊचा विचार झाला. या लेखांकात चारचौघांत मिळून खाण्याच्या खाऊचा विचार करावयाचा असून, त्यासाठी बोरन्हाण हा महाराष्ट्रातला जुना बालसमारंभ उदाहरण म्हणून घेतला आहे. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत, साधारणपणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि बोरे, उसाचे करवे म्हणजे सोललेल्या उसाचे लहान तुकडे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे व हलवा हे सारे एकत्र करून त्याच्या डोक्यावरून ओततात. भोवती जमलेली मुले ते वेचून घेतात, आणि म्हणूनच अनेक घरांत या समारंभाला बोरलूट असेही म्हटले जाते.

मुलांच्या मेजवानीचा इतका विचारपूर्वक बेतलेला नमुना क्वचितच आढळतो. यात कोणी कोणाला वाढत नाही, ‘संपव’ म्हणून मागे लागत नाही. काय उचलायचे आणि किती, हे मूल स्वतः ठरवते. दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थ नाकारण्याची प्रवृत्ती प्रबळ असते आणि आग्रहाने ती अधिकच घट्ट होते, परंतु बरोबरीची मुले तोच पदार्थ आवडीने खाताना दिसली की ती सैल पडू लागते. लिअन बर्च या अमेरिकी संशोधिकेने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एक भाजी आवडणाऱ्या मुलाला दुसरी भाजी आवडणाऱ्या मुलांच्या पंक्तीला काही दिवस बसवले, तेव्हा पहिल्या दिवशी आपलीच भाजी उचलणारे मूल चौथ्या दिवसापर्यंत बहुधा इतरांची भाजी निवडू लागले. घरी बोराला तोंड न लावणारे मूल लुटीत मिळालेले बोर मात्र चाखून पाहते, त्यामागे हेच कारण असावे.

लुटीतल्या पदार्थांपैकी चुरमुऱ्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण मुलांना हवा असलेला कुरकुरीतपणा तळण्याशिवायही येतो, हे तो दाखवतो. भात भिजवून, वाफवून आणि वाळवून काढलेल्या तांदळाला मिठाचे पाणी लावून भडभुंजा तो तापलेल्या वाळूत टाकतो. दाण्यात उरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आधीच शिजलेला स्टार्च त्या वाफेने फुगतो आणि फुगलेल्या अवस्थेतच कडक होतो. ज्वारीची लाही याहून वेगळी आहे. तिचा दाणा न शिजवलेला असतो, त्याचे टणक साल वाफ आत कोंडून धरते आणि दाब सोसेनासा झाला की दाणा उलतो. ज्या दाण्यांचे साल चिरलेले असते त्यांत दाब साठत नाही व ते न फुटता तसेच राहतात. त्यांना गणंग म्हणतात. लाह्या मुलांपुढे ठेवण्यापूर्वी त्या चाळून गणंग निवडून टाकणे आवश्यक असते, कारण ते दाताला टणक लागतात आणि घशात अडकण्याचीही भीती असते.

हलव्याची गोष्ट निराळी. कोरड्या थंडीत, मंद आचेवरच्या परातीत तिळावर पाक चमच्याचमच्याने सोडत आणि बोटांनी सतत फिरवत राहिले म्हणजे दाण्यावर साखरेचे थर चढत जातात व त्याला काटा येतो. म्हणजेच हलवा हा आत नावापुरता तीळ असलेली साखर होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो ५ टक्क्यांहून कमी, ऊर्जा मुक्त शर्करेतून यावी. मुक्त शर्करा म्हणजे पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध व फळांचा रस यांतली शर्करा. गूळही याच गटात मोडतो, त्यामुळे तो ‘नैसर्गिक’ म्हणून हवा तितका देता येत नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १,३६० किलोकॅलरी धरली, तर १० टक्क्यांची मर्यादा ३४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम सात लहान चमचे एवढी ठरते. निम्मा गूळ असलेल्या १५ ग्रॅमच्या एका तिळाच्या वडीतूनच सहा-सात ग्रॅम शर्करा पोटात जाते. हलव्याचे मुख्य स्थान मुलाच्या अंगावरच्या दागिन्यांत असावे आणि लुटीत तो चिमूटभरच पडावा, हे उत्तम. आज हलव्याच्या जोडीला, किंवा त्याच्या जागी, चॉकलेटच्या रंगीत गोळ्या ओतल्या जातात, त्यांनी हा हिशेब पार बिघडतो.

जुन्या प्रथेत एक दोष मात्र आहे, आणि तो गंभीर आहे. अन्न दळणाऱ्या दाढांपैकी दुसरी दाढ साधारणपणे दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते. त्याआधी मूल पुढच्या दातांनी शेंगदाणा तोडू शकते, पण बारीक करू शकत नाही, आणि हसता-धावताना तो तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. दाढा आल्यावरही नीट चावण्याची सवय लागायला वेळ लागतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा म्हणूनच पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे वा सुकामेवा देऊ नये असे सांगते. याचा अर्थ ज्या वयाच्या मुलांसाठी बोरन्हाण असते, नेमक्या त्याच वयाला शेंगदाणे, अख्खे बोर, उसाचा करवा आणि गोल गोळ्या धोक्याच्या आहेत. त्यासाठी समारंभ टाकून देण्याचे कारण नाही. डोक्यावरून चुरमुरे व चाळलेल्या लाह्या ओताव्यात, वेचलेले सारे प्रत्येकाने आपापल्या पिशवीत भरावे, आणि खाणे मात्र सर्वांनी सतरंजीवर गोलाकार बसल्यावरच सुरू व्हावे. बोरे, मग ती जळगावची मेहरूण असोत वा बाजारातली टपोरी उमराण, धुऊन, बी काढून, पातळ फोडी करून बशीत ठेवावीत. शेंगदाणा कुटाच्या रूपात वडीत घालता येतो.

या बैठकीला भेळ विशेष शोभते. चुरमुरे, मऊ उकडून चेपलेले मटार, किसलेले गाजर, उकडलेला बटाटा, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि खजूर-चिंचेची पातळ चटणी वेगवेगळ्या वाट्यांत मांडून ठेवली, तर तीन-चार वर्षांची मुलेही आपली भेळ आपण कालवतात आणि लुटीतला निवडीचा आनंद पुढे चालू राहतो. ओलावा लागताच चुरमुरा काही मिनिटांत मऊ पडतो, म्हणून चटणी शेवटी आणि प्रत्येकाच्या वाटीत वेगळी घालावी. भेळेसोबत नाचणीचे पीठ व किसलेला दुधी घातलेल्या इडलीच्या पिठाचे आप्पे करता येतात. आप्पेपात्राच्या खळग्यात थेंबभर तेल पुरते, आणि प्रत्येक आप्प्याचे चार तुकडे करून दिले की सर्वांत धाकट्या पाहुण्यालाही तो स्वतःच्या हाताने खाता येतो.