विश्लेषण : छोट्या ट्रेलरचे कापडी छत वाऱ्यात का मोडते? ते बसवावे कसे, वापरावे कसे?

अमेरिका आणि कॅनडात मोटारीमागे जोडून नेण्याच्या छोट्या प्रवासी ट्रेलरला मोठा चाहतावर्ग आहे. आत दोन माणसे झोपतील, चहा-जेवण करता येईल एवढीच जागा असते. त्यामुळे दाराबाहेर उघडणारे ऑनिंग, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारे कापडी छत, ही ट्रेलरवर बसवली जाणारी लोकप्रिय सोय ठरते. मात्र चुकीच्या जागी मारलेले चार स्क्रू किंवा रात्री उघडे राहिलेले छत यामुळे केवळ कापड फाटत नाही, तर ट्रेलरची भिंतच उखडू शकते. असे का होते आणि ते कसे टाळता येते, याविषयी…

छोट्या ट्रेलरला छत कशासाठी?

कोकणातल्या घराला पडवी जे देते तेच या ट्रेलरला कापडी छत देते. १३ फुटी ट्रेलरमध्ये दोघांना एकाच वेळी उभे राहून वावरणे कठीण असते. बाहेर अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद छत उघडले, की पाच चौरस मीटरची बसायची जागा मिळते. खुर्च्या आणि घडीचे टेबल तिथे मांडता येते, चिखलाचे बूट दाराबाहेर राहतात. याशिवाय भिंतीवर आणि खिडकीवर थेट ऊन पडत नाही, त्यामुळे आतली उष्णताही कमी होते. ॲरिझोनासारख्या कोरड्या, तापणाऱ्या राज्यात हा फरक लगेच जाणवतो.

या ट्रेलरची भिंत वेगळी कशी?

१९६८ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे ‘बोलर’ हा अंड्याच्या आकाराचा ट्रेलर तयार झाला. त्याचे जनक रे ओलेको यांनी आधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी तयार केली होती. तेच हलके आणि न गंजणारे द्रव्य त्यांनी ट्रेलरसाठी वापरले. पुढे अमेरिकेत मिनेसोटातील ‘स्कॅम्प’ आणि टेक्सासमधील ‘कसिटा’ या ट्रेलरनी हीच वाट धरली. साच्यातून काढलेले वरचे आणि खालचे असे दोन भाग कमरेशी जोडायचे, ही त्यांची मूळ पद्धत. १३ फुटी ट्रेलर त्यामुळे साधारण सहाशे-सातशे किलोंत बसतो आणि त्याला ओढायला मोठा ट्रक लागत नाही.

अडचण इथेच आहे. मोठ्या, चौकोनी ट्रेलरच्या भिंतीत लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो. छताचे स्क्रू त्या सांगाड्यात पकड घेतात. फायबरग्लासच्या ट्रेलरमध्ये असा सांगाडा नसतो. काही मिलिमीटर जाडीचे कवच हीच भिंत आणि तोच आधार. त्यात नुसता स्क्रू मारला तर तो पकडतो खरा, पण हादऱ्यांनी भोक हळूहळू मोठे होते आणि एखाद्या जोराच्या झोतात स्क्रू निसटतो. शिवाय भिंत बाकदार असते आणि छताची पेटी सरळ. त्यामुळे पेटी दोन टोकांना किंवा फक्त मधोमध टेकते आणि सारा भार त्या एक-दोन जागांवर येतो.

वाऱ्याचा जोर किती?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पाच चौरस मीटरच्या छताने वारा पूर्णपणे अडवला असे धरले, तर ताशी २० किमी वेगाला त्यावर सुमारे १० किलो वजनाइतका जोर येतो. ताशी ४० किमीला तो ४० किलोंच्या जवळ जातो, ६० किमीला ८७ किलोंच्या आसपास आणि ८० किमीला दीडशे किलोंच्या वर. प्रत्यक्षातला आकडा वाऱ्याच्या दिशेनुसार आणि कापडाच्या उतारानुसार बदलतो; पण वाढीचा वेग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दुपारी झुळूक म्हणून सुखावणारा वारा संध्याकाळी दुप्पट झाला, तर ओढ चौपट झालेली असते.

हा जोर बहुतेक वेळा वरच्या दिशेने काम करतो. वारा कापडाखाली शिरला की छत शिडासारखे फुगते. बाहेरचे पाय जमिनीवरून उचलले जातात आणि संपूर्ण छत भिंतीवरच्या जोडाभोवती फिरून ट्रेलरच्या टपावर आदळते. अशा वेळी कापड फाटले तर नुकसान थोडक्यात आटोपते. कापड टिकले आणि जोड उखडला तर भिंतीला भगदाड पडते.

पाऊस हा दुसरा शत्रू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाच चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडून तो साचला, तर ५० किलो पाणी कापडाच्या खोलगटात जमा होते. कापड त्या भाराने आणखी खाली झुकते, आणखी पाणी साचते आणि शेवटी आडव्या नळ्या वाकतात.

पर्याय कोणते?

पहिला प्रकार पिशवीतल्या छताचा. भिंतीवर खाच असलेली ॲल्युमिनियमची पट्टी बसवतात, कापडाची गोल कडा त्या खाचेतून सरकवतात आणि गुंडाळलेले छत कापडी पिशवीत भिंतीलाच लटकत राहते. हे वजनाला हलके. छोट्या आकारात साधारण १० किलोंच्या आसपास. उघडायला मात्र थोडा वेळ लागतो.

दुसरा प्रकार पेटीतल्या छताचा. ॲल्युमिनियमच्या बंद पेटीतून दांडा फिरवून छत बाहेर येते, पाय पुढच्या पट्टीत दुमडलेले असतात. इटलीतील ‘फियामा’ आणि स्वीडनची ‘थुले’ या कंपन्यांची अशी छते प्रसिद्ध आहेत. उघडणे-मिटणे सोपे, पण वजन वीस किलो किंवा त्याहून जास्त आणि तेही एकाच बाजूला, उंचावर. हलक्या ट्रेलरमध्ये पाण्याची टाकी, बॅटरी आणि इतर सामान लावताना या वजनाचा विचार करावा लागतो.

तिसरा प्रकार मोठ्या ट्रेलरवर दिसणारा, स्प्रिंगच्या रोलरचा. त्याचे लांब दांडे भिंतीवर खालपर्यंत येतात. बाकदार छोट्या ट्रेलरला तो क्वचितच शोभतो. शिवाय रोलरमधील स्प्रिंग कायम पिळलेली असते. ती अडकवून ठेवल्याशिवाय दुरुस्तीला हात घातला तर रोलर गरकन फिरून बोटे मोडू शकतात.

चौथा प्रकार सर्वात साधा : खाचेच्या पट्टीत सरकवलेली ताडपत्री, दोन खांब आणि ताणाचे दोर. वजन दोन-तीन किलो, खर्च कमी आणि मोडले तरी भिंत शाबूत राहते. भिंतीला भोकेच पाडायची नसतील, तर ट्रेलरशेजारी स्वतंत्र उभा राहणारा तंबूही चालतो.

बसवताना काळजी कोणती?

पहिले काम मोजमापाचे. ट्रेलरची कोपऱ्यातली गोलाई सोडून सरळ भिंत किती उरते, यावर छताची लांबी ठरते. मग दार. छोट्या ट्रेलरचे दार बाहेर उघडते आणि त्याचा वरचा कोपरा उतरत्या कापडाला घासतो. म्हणून भोके पाडण्याआधी दोघांनी पेटी धरावी, तिसऱ्याने कापडाच्या जागी दोरी ताणून दार पूर्ण उघडून पाहावे. दार घासतच असेल तर पेटी वर घ्यावी किंवा दाराच्या कोपऱ्यावर छोटे चाक बसवावे. भिंतीवरची गॅसच्या फ्रिजची आणि हीटरची झरोके कापडाखाली कोंडली जात नाहीत ना, हेही तेव्हाच पाहावे.

ट्रेलर पाणसळ लावून समतल केल्यावरच खुणा कराव्यात. वाकड्या उभ्या ट्रेलरवर सरळ वाटलेली पेटी नंतर कायम तिरकी दिसते. भोकाच्या जागी मास्किंग टेप लावावी, आधी बारीक ड्रिल घ्यावे आणि सुरुवातीला ते उलटे फिरवावे. त्यामुळे वरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, तडकत नाही.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे आतली पट्टी. बोल्ट भिंतीच्या आरपार घ्यावेत आणि आतल्या बाजूने ॲल्युमिनियमची रुंद पट्टी, वॉशर आणि न सैलावणारे नट लावावेत. भार मग चार भोकांवर न राहता मोठ्या भागावर पसरतो. काही ट्रेलरमध्ये वरची कपाटे कवचाला आधार देत असतात. त्यांच्याजवळचा भाग त्यातल्या त्यात मजबूत असतो. भिंत बाकदार असल्यास पेटी आणि भिंत यांच्यात त्या आकाराचे ब्रॅकेट घालावे. बोल्ट आवळून भिंतीलाच सरळ करू पाहणे म्हणजे तडा ओढवून घेणे.

पाणी शिरू नये म्हणून प्रत्येक भोकाला ब्युटाइल टेप लावतात. ही टेप दाबाखाली हळूहळू पसरते, म्हणून बोल्ट एकदम न आवळता दोन-तीन वेळा थोडे थोडे आवळावेत. साधे सिलिकॉन शक्यतो टाळावे. पुढे सांधा पुन्हा भरायचा झाला तर त्याच्या थरावर दुसरे काही नीट चिकटत नाही. काम झाल्यावर पाइपने वरून पाणी सोडावे आणि आतून हात फिरवून पाहावे. पहिल्या प्रवासानंतर सगळे नट पुन्हा तपासावेत.

वापरताना नियम कोणते?

उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांचे सूत्र सारखेच असते : हे छत उन्हासाठी आहे, वादळासाठी नाही. जोराचा वारा, मुसळधार पाऊस किंवा बर्फ असेल तर ते मिटावे. ट्रेलर सोडून फिरायला जाताना आणि रात्री झोपताना छत आत घेणे हा अनुभवी प्रवाशांचा साधा नियम. बहुतेक छते मोडतात ती मालक जवळ नसताना किंवा झोपेत असताना.

छत उघडे असताना पाय जमिनीवर टेकवून मेखांनी पक्के करावेत. दोन्ही कोपऱ्यांतून ताणाचे पट्टे तिरके बाहेर ओढून जमिनीत खुंटवावेत. डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवर मेख जात नाही. तिथे प्रत्येक कोपऱ्याला २० लिटर पाण्याचा कॅन बांधता येतो. पण तो २० किलोच वजन देतो. वरचे आकडे पाहिले तर दोन कॅन ताशी ४० किमीच्या वाऱ्यापलीकडे पुरणार नाहीत, हे उघड आहे. अनेक उद्यानांत झाडाला दोर बांधण्यावर निर्बंध असतात, तेही आधी विचारून घ्यावे.

पावसाची चिन्हे असतील तर एक कोपरा दुसऱ्यापेक्षा हातभर खाली ठेवावा. पाणी पागोळीसारखे त्या बाजूने ओघळून जाते. छताला कनाती लावून बंद खोली केली असेल, तर आत शेगडी किंवा कोळशाची चूल पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोका कळत नाही.

ओले छत गुंडाळावे लागले तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवावे, नाहीतर बुरशीचे काळे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत. निघण्यापूर्वी पेटीचे कुलूप आणि पिशवीची चेन हाताने ओढून पाहावी. महामार्गावर सुटलेले छत मागच्या वाहनांसाठीही धोकादायक असते.

महाराष्ट्राशी संबंध काय?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. आपल्याकडे मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरपेक्षा राहण्याची सोय असलेली वाहनेच अधिक दिसतात. पण छताचे गणित दोन्हींना सारखे आहे. एक फरक आहे. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून दार आणि छत उजव्या बाजूला असते. आपल्याकडे ते डाव्या बाजूला, रस्त्याकडे पाठ करून असायला हवे. समुद्रकिनाऱ्यावर दुपारनंतर वाढणारा वारा आणि सह्याद्रीतला पाऊस पाहता, येथे छत उघडण्याइतकेच ते झटपट मिटता येणेही महत्त्वाचे ठरते.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने पाहण्यासाठी ट्रेलर भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी करारातील छताच्या नुकसानीचे कलम सही करण्याआधी वाचलेले बरे. छत मिटायला लागतात पाच मिनिटे. उखडलेली भिंत दुरुस्त करायला अख्खी सहल जाते.